सरांचं उजवं वळण

जाग आली तेव्हा समोर रस्ता नव्हता. नुसतं पांढरं होतं.

मी फटफटीवर मागं बसलेली, दोन्ही पाय डावीकडे सोडून, बायका बसतात तशी. त्यामुळे माझं तोंड दरीकडे. डोळा लागला तेव्हा पायांखालून रस्त्याची कड सरकत होती, कडेला चुन्यानं रंगवलेले दगड, दगडांमागं झुडपं. आता एक दगड आला, मागं गेला, आणि त्याच्यानंतर काही आलंच नाही. धुकं खालून वर चढत होतं. खाली कुठंतरी पाणी वाजत होतं. सुंदर दिसत होतं, खोटं कशाला सांगू. मला वाटलं, मी अजून झोपेतच आहे आणि माझे पाय ढगात लोंबतायत.

वळण उजवीकडचं होतं आणि गाडी वळत नव्हती. ती सरळ कडेकडे निघाली होती.

सरांनी ब्रेक दाबला नाही. ओरडले नाहीत. मान उजवीकडेच ठेवून, जेवताना मीठ मागावं तशा आवाजात म्हणाले, "आक्का, मागं."

मागं म्हणजे माझ्या पाठीकडे. जिकडे मला काही दिसत नव्हतं, तिकडे स्वतःला टाकून द्यायचं.

सर माझ्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहायचे. चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, मूळचे शाहूवाडीकडच्या भातशेतीवाल्या घरातले. खाली माझं मिरची कांडपाचं मशीन. राहायला आले तेव्हा गादी आधी येईल, भांडी आधी येतील असं वाटलं होतं. आधी आली ती फटफटी, मग तिचे दोन जुने टायर, मग गोणपाटात गुंडाळलेले शॉकअप. गादी दुसऱ्या दिवशी आली. ती रात्र सर चटईवर झोपले आणि शॉकअप मात्र कॉटवर होते.

गाडी जुनी आणि फार जड. एकदा माझ्या दारात आडवी झाली तर तालमीतली पोरं बोलवावी लागली उभी करायला. अशी गाडी सरळ रस्त्यावर राजासारखी चालते आणि वळणावर हट्टाला पेटते, असं सर म्हणायचे. तो हट्ट मोडायचा, एवढंच त्यांचं काम उरलं होतं. घाटात ती पाण्यासारखी वळली पाहिजे.

संध्याकाळी कांडप बंद झालं की मी अंगणात मिरची गोळा करायला जायची. चहूकडे लाल मिरची पसरलेली आणि मधे स्टँडवर उभी फटफटी. इंजिन बंद. वर सर बसलेले, डोळे मिटून. हळूच डावीकडे कलायचे, सरळ व्हायचे, मग उजवीकडे. मधे पायानं गिअर टाकायचे. ओठ हलत असायचे. अंगणात बसून ते आंब्याचा घाट उतरायचे. प्रत्येक वळण त्यांना पाठ होतं. कुठं डोंगरातून पाणी येतं, कुठं वडाची सावली असल्यामुळे रस्ता दुपारपर्यंत ओला राहतो, सगळं.

पहिल्या वेळेला मी विचारलं, "सर, चहा घेणार काय?"

"थांबा आक्का," डोळे न उघडता म्हणाले. "घाटात हाय."

मी थांबले. का थांबले ते मलाही कळलं नाही. चहा हातात घेऊन उभी राहिले. मिरचीचा वास, गल्लीतल्या बुद्ध विहाराकडून येणारा पोरांचा गलका, आणि हा माणूस जागच्या जागी डोंगर उतरतोय. खाली पोचल्यावर त्यांनी डोळे उघडले, खोल श्वास घेतला आणि म्हणाले, "हां, द्या आता."

"कसा होता घाट?"

"गर्दी न्हवती."

असा माणूस. पेठेत कुणी त्यांना खुळा म्हणायचं, कुणी देवमाणूस म्हणायचं. देवमाणूस बिवमाणूस काही नव्हते. भांडायचे, चहात साखर कमी पडली की तोंड वाकडं करायचे, आणि माझ्या जिन्यावर ऑइलचे डाग पाडायचे.

त्यांची काही वाक्यं ठरलेली होती. "बघाल तिकडं गाडी जाते." "वळणाच्या आधी काय ते आवरून घ्यायचं, वळणात नुसतं वळायचं." मी चौथीपर्यंत शाळेत गेलेली, वेग आणि झोक यातलं मला निम्मं कळायचं नाही. पण एकदा मी भाकरी थापताना ते दारात उभे राहिले आणि कितीतरी वेळ माझ्या हाताकडेच बघत बसले. मी म्हटलं, "काय बघताय? भूक लागलीया काय?"

"न्हाय. तुमचा हात बघतोय. भाकरी तुम्ही फिरवत न्हाई, ती आपली आपण फिरतीया. हँडलवर हात असाच पायजे. मी लई घट्ट धरतो."

दुसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, मला भाकरी थापायला शिकवा. महिनाभर माझं पीठ नासलं. भाकरी काही त्यांना जमली नाही, पण हँडलवरचा हात सुटला म्हणे.

गाडीच्या मागच्या बाजूला ते एक खराटा बांधून ठेवायचे. घाटात जायचे आणि वळणावरची खडी, वाळू, ओला पाला झाडून काढायचे. आपण वळणार ती जागा आपणच झाडायची. डोक्यावर टोपी, अंगात शाळेतला जुना शर्ट. एसटीचे ड्रायव्हर ओळखायला लागले होते. एक जण खिडकीतनं ओरडला होता, "ओ पावणं, संपलं की आमच्या डेपोकडं या, लई घाण हाय!" सर त्याला म्हणाले होते, "आधी तू वळणात हळू चालव, मग तुझ्या डेपोत येतो." हे त्यांनीच मला सांगितलं, अभिमानानं.

खरी भांडणं व्हायची ती शॉकअपवरून. मागच्या चाकाला धक्के झेलायला दोन शॉकअप असतात, दोन बाजूंना. दोन्हींचा कडकपणा सारखा ठेवतात, हे गल्लीतल्या पोरालाही माहीत. सरांनी डावीकडचा कडक केलेला आणि उजवीकडचा मऊ. गॅरेजवाला मेस्त्री माझ्या अंगणातच येऊन भांडला.

"सर, दोन्ही सारखे पायजेत. शास्त्र हाय ते. चाक तिरकं व्हतंय अशानं."

"मेस्त्री, तुमची बायको फटफटीवर कशी बसते?"

"बायको कशाला काढताय मधी?"

"सांगा की."

"एका अंगाला. बायका बसत्यात तशी."

"मग वजन एका अंगाला आणि शॉकअप दोन्हीकडं सारखे? हे कसलं शास्त्र?"

मेस्त्री माझ्याकडे वळला. "आक्का, भाडेकरू बदला."

सर एकटेच तर राहायचे. एकट्या माणसाच्या गाडीला एका अंगाला बसणाऱ्या बाईचा हिशेब कशाला, असं मला तेव्हा वाटलं. मी विचारलं. मी असल्या गोष्टी मनात ठेवत नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं.

त्यांची बायको होती. घाटाखाली, तिच्या माहेरी राहत होती. बरीच वर्षं आधी दोघं याच गाडीवरून तिच्या माहेरी निघाले होते. घाट उतरताना एका उजव्या वळणावर गाडी वळली नाही, रस्ता सोडून गटाराच्या मातीत गेली आणि पडली. जोरात नाही. पण वहिनींचं मनगट मोडलं. आणि हे गृहस्थ उठले, गाडी बघितली, आणि मनगट धरून बसलेल्या बायकोला म्हणाले, "तू हललीस."

एवढंच. वहिनी उठल्या, पिशवी उचलली, मागून येणाऱ्या जीपला हात केला आणि माहेरी गेल्या. परत आल्या नाहीत.

"मग जा की आणायला," मी म्हटलं. "चुकलो म्हणा."

"म्हटलं की. फोनवर लई येळा म्हटलं. ती म्हणते, तोंडानं म्हणू नका. गाडी का वळली न्हाई ते शोधा. मी हलले का तुमची गाडी खोटी हाय, ते शोधा."

तर हे शोधणं चाललेलं होतं. मी म्हटलं, दोन्हीकडे पाय टाकून बसली असती तर काही झालं नसतं. लुगड्याचा काष्टा कशासाठी असतो? माझी आई घोड्यावर बसायची. सर मान हलवत म्हणाले, "ती तशी बसणार न्हाई, आक्का. ती बसते तशी गाडी वळाय पायजे."

मला ते खुळेपण वाटलं. आजही वाटतं. एका माणसाची बसायची सवय बदलायची नाही म्हणून सगळं लोखंड बदलत बसायचं.

एक दिवस वहिनींचा फोन आला आणि सरांनी तो माझ्या हातात दिला. आम्ही एकमेकींना कधी बघितलं नव्हतं.

"आक्का, तुम्ही खोटं बोलत नाही म्हणे."

"कोण म्हणतंय?"

"हेच म्हणतात. तुम्ही त्यांना तोंडावर खुळा म्हणता म्हणे."

"खुळंच हाईत."

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही बसा मागं. मी बसायचे तशीच. घाट उतरून माझ्या दारात या आणि सांगा, वळण अंगाला कळलं का नाही. नाही कळलं म्हटलात तर मी त्याच गाडीवर बसून कोल्हापूरला येते. आणि कळलं म्हटलात तर मी हलले नव्हते, हे त्यांना माझ्या भावांसमोर कबूल करावं लागेल. मग मात्र मी येत नाही."

मी हो म्हटलं. कांडपाला आठवड्यातून एक दिवस सुट्टी असायचीच, आणि मी खाली कोकण कधी बघितलं नव्हतं.

मग माझी शाळा सुरू झाली. अंगणात स्टँडवरच्या गाडीवर मला मागं बसवायचे. माझं अंग वहिनींपेक्षा थोडं जास्त, त्यासाठी डावा शॉकअप पुन्हा कडक झाला. ते डोळे मिटून घाट उतरायचे आणि मी मागं मिरचीच्या पोत्यासारखी. डाव्या वळणाला मला पुढं पडल्यासारखं व्हायचं, ते ठीक होतं, समोर दिसत तरी होतं. उजव्या वळणाला पाठीमागं कलायचं. एका अंगाला बसणारी कुठलीही बाई तिथं घाबरते, अंग चोरते, पुढं झुकते. आणि ती पुढं झुकली की गाडी डावीकडे ओढली जाते. हे मला अंगणातच कळलं. मी सरांना म्हटलं, "वहिनी हलली असंल. कुणीबी हललंच असतं. तुम्ही सांगितलं न्हवतं काय तिला, उजवीकडं पाठ टाक म्हणून?"

सर गाडीवरून उतरले, जिन्याच्या पायरीवर बसले आणि अंधार पडेपर्यंत तिथंच बसून राहिले. त्यांनी सांगितलं नव्हतं.

पुढं आम्ही जोतिबाच्या डोंगरावर गेलो, पन्हाळ्यावर गेलो. पदरावर हेल्मेट घालून मी पेठेतून निघाले की समोरची ताई ओरडायची, "आक्का, कुठं निघाली वरात?" मी म्हणायचे, "तुझ्या माहेरी, तुझं कांड सांगायला." गाडी खरंच बदलली होती. वळणाच्या आधी सर सगळं आवरायचे, गाडीचा आवाज खाली यायचा, मग ती नुसती कलायची आणि आपोआप उठायची. हातात काही नाही, पायात काही नाही. मी पाठ टाकायला शिकले होते. पाठ टाकली की आभाळ दिसायचं.

गणपती जाऊन थोडे दिवस झालेले. आम्ही पहाटेच निघालो. मलकापूरपर्यंत भाताची हिरवी वावरं धुक्यात पोहत होती. घाटाच्या तोंडाशी आंबा गावात चहा घेतला. सरांनी टायरची हवा हातानं दाबून बघितली, शॉकअपवरून बोट फिरवलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आक्का, आज काय करू नका. नुसतं बसा."

"आजवर काय करत होते?"

घाट सुरू झाला. पहिली काही वळणं मी मोजली, मग सोडून दिली. डावीकडे कललो, उठलो. उजवीकडे कललो, उठलो. इंजिन लांब कुठंतरी कुणीतरी जातं ओढावं तसं वाजत होतं. धुकं तोंडाला लागत होतं, ओलं, थंड. लहानपणी खळ्यावरून घरी येताना मी बैलगाडीत कडब्यावर आडवी पडायची. गाडी कशी कुठून गेली कधी कळायचं नाही, वर चांदण्या तेवढ्या इकडून तिकडे सरकायच्या. तसं झालं. मला वाटलं, आई पुढं बसलीय आणि बैलांशी बोलतेय. दरी माझ्या पायांखालून शांत वाहत होती आणि तिची भीती वाटायचं काही कारण दिसेना.

मला झोप लागली.

झोपलेल्या माणसाचं अंग पुढं पडतं. माझं पुढं म्हणजे डावीकडे, दरीकडे. सरांनी ती गाडी माझ्या जाग्या वजनाला बसवली होती, झोपलेल्या वजनाला नाही. उजवं वळण आलं, त्यांनी गाडी कलवली, आणि माझं सगळं अंग तिला उलटं ओढत राहिलं. ती वळेना.

"आक्का, मागं."

मी पाठ टाकली. काही न बघता, पूर्ण. डोकं त्यांच्या पाठीला घासून खाली गेलं. गाडी वळली. मला ते कळलं, पोटात कळलं, की ती वळली. पण तोवर चाक कडेच्या शेवाळावर गेलं होतं. मागचं चाक डावीकडे पळालं आणि आम्ही उजव्या अंगावर पडलो. मी पाठीवर, रस्त्यावर. हेल्मेट ठक्क वाजलं. माझ्या पायांच्या पलीकडून फटफटी घसरत गेली, दोन दगडांच्या मधून, घाई न करता. सर तिच्यामागून घसरत गेले.

मग आवाज आला. खालून, बऱ्याच वेळानं. मग पुन्हा खाली एकदा. मग पाणी वाजायला लागलं, आधीपासून वाजत होतं तसंच.

मला सर दिसत नव्हते. खांदा हलत नव्हता. धुक्यात दगड कुठला आणि माणूस कुठला कळेना. मी म्हटलं, "सर." काही नाही.

मग एका दगडाच्या बाजूनं आवाज आला. "आक्का, लागलं काय?"

"तुम्ही कुठं हाय?"

"हितंच हाय. दगडाला आडलोय. तुम्हाला लागलं काय? हात हलतोय? पाय हलतोय?"

"एक हात हलंना."

"हलवू नका मग. पडून ऱ्हावा. कोणतरी येईल."

एक दुधाचा टेम्पो आला. ड्रायव्हर उतरला, माझ्यावर वाकला. "म्हातारे, जिती हाईस काय?"

"बोलतीया की तुझ्यासंगट. तिकडं बघ, सर हाईत दगडापाशी. त्यास्नी आधी धर."

त्यानं सरांना दोन्ही काखांत धरून रस्त्यावर ओढलं. पाय मांडीत मोडलेला. तरी त्यांनी एकदाही दरीकडे मान वळवली नाही.

मलकापूरच्या दवाखान्यात आम्हाला समोरासमोरच्या खाटांवर टाकलं. माझ्या खांद्याजवळचं हाड मोडलेलं, सरांच्या पायाला सळी घालायला कोल्हापूरला न्यायचं ठरलं. ॲम्ब्युलन्सची वाट बघत पडलो होतो तेव्हा सर म्हणाले, "आक्का, त्याच्या आधीची वळणं कशी लागली?"

"कळली न्हाईत. झोप लागलती."

मोडक्या पायानं तो माणूस हसला. फासळ्या दुखल्या, तरी हसला. "झोप?" म्हणाले. "खरंच झोप?"

दवाखान्यातनं फोन गेला, दुपारी वहिनी आल्या. उंच, काळ्यासावळ्या, एक मनगट जरा वाकडं. सरांच्या खाटेकडे गेल्या नाहीत. आधी माझ्याकडे आल्या आणि स्टूल ओढून बसल्या.

"लई दुखतंय?"

"दुखतंय."

वळणाचं विचारतील म्हणून मी तयार होते. वळण त्यांनी विचारलंच नाही.

"आक्का, पडल्यावर पहिलं काय म्हणाले?"

मी आठवलं. घाई केली नाही, कारण चुकीचं सांगायचं नव्हतं. "लागलं काय म्हणाले. हात हलतोय काय, पाय हलतोय काय म्हणाले."

"आणि तुम्ही हललात असं म्हणाले?"

"न्हाय. आणि मी हललेच होते. झोपेत पडले पुढं. ते त्यांना कळलं असणार, पण म्हणाले न्हाईत."

वहिनी आपलं वाकडं मनगट दुसऱ्या हातानं चोळत राहिल्या. समोर सर छताकडे बघत पडले होते, सगळं ऐकू जात होतं त्यांना.

"गाडी कुठाय?"

"दरीत."

"बरं झालं," वहिनी उठल्या आणि सरांच्या खाटेशी जाऊन म्हणाल्या, "मी एसटीनं येते. तुमची ॲम्ब्युलन्स पुढं जाऊ दे."

त्या आल्या आणि वरच्या खोलीत राहिल्या. सर पुढं बरीच वर्षं काठी टेकत जिना चढले. गेल्या पावसाळ्यात छातीत कफ होऊन गेले, म्हातारपणानं, कॉटवर. त्या दिवशी घाटात कुणी मेलं नाही. सर वाचले, मीही वाचले.